रिकामे प्रश्न आणि 'आपण'

'साइनफेल्ड' या अमेरिकी मालिकेच्या १९९१ सालच्या 'द चायनीज रेस्टॉरंट' या भागात जेरी, जॉर्ज आणि इलेन टेबल मिळण्याची वाट पाहतात; बाकी बहुतेक गप्पाच. असले रिकामे प्रश्न मराठीत आणताना मी सर्वनामाशी अडते. मित्रांमध्ये 'अरे', 'अगं'वर भागतं. पण मंचावरून जेरी अनोळखी प्रेक्षकांना विचारतो, की लोक असं का वागतात. मराठी जीभ चटकन म्हणते, 'आपण असं का वागतो?' विचारणाराही त्यात सामील होतो, प्रश्न मायाळू होतो. मालिकेचा सहनिर्माता लॅरी डेव्हिड याचा दंडक मात्र वेगळा होता: मिठ्या नकोत, धडे नकोत. 'आपण' ही मिठीच आहे. म्हणून मी 'लोक'च ठेवते. त्या विनोदाचा जीव त्याच्या कोरडेपणात आहे. तो गेला, तर उरतात नुसत्या कट्ट्यावरच्या गप्पा.