हवामानबदल आणि भूदृश्यरचना : हार्बिनच्या छुनली उद्यानाच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :
लँडस्केप आर्किटेक्चर अर्थात भूदृश्यरचना म्हणजे हिरवळ, कारंजी आणि फुलझाडांची मांडणी, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अतिवृष्टीचे प्रमाण वाढू लागल्यानंतर मात्र शहराच्या संरक्षणाचे साधन म्हणून या विद्याशाखेकडे पाहिले जाऊ लागले. या परिवर्तनात चीनचे भूदृश्यरचनाकार कोंगजियान यू (1963-2025) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. पावसाचे पाणी नळांवाटे घाईने बाहेर न काढता शहरातच साठवावे व मुरवावे, या 'स्पंज सिटी' विचाराचा त्यांनी पुरस्कार केला. 2013 नंतर चीन शासनाने त्याला राष्ट्रीय धोरणाचे रूप दिले.

विवेचन :
ईशान्य चीनमधील हार्बिन येथील छुनली उद्यान ही यू यांची प्रातिनिधिक कृती होय. सुमारे 34 हेक्टरांची ही पाणथळ जागा भोवतालच्या रस्त्यांमुळे व बांधकामामुळे सुकत चालली होती. 2009 मध्ये काम हाती घेताना यू यांनी तिच्या गाभ्याला हात लावला नाही. केवळ कडेची माती खणून तळी व उंचवटे यांची माळ निर्माण केली. वस्तीतील पावसाचे पाणी या तळ्यांत निवळते आणि मग मध्यभागी पोहोचते. येथील सौंदर्य वरून लादलेले नसून पाण्याच्या या व्यवस्थेतूनच ते आकारास येते, हे या कृतीचे खरे सामर्थ्य होय.

तथापि या कृतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. छुनली नववसाहतीचे क्षेत्र 2,733 हेक्टर असून उद्यानाने त्यातील जेमतेम सव्वा टक्का जागा व्यापली आहे. ज्या आराखड्याने पाणथळ जागा तहानलेली ठेवली, तो आराखडा कायमच राहिला. झेंगझोऊ शहरात स्पंज सिटीची कामे झालेली असतानाही 20 जुलै 2021 रोजी एका तासात 201.9 मि.मी. पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेत 14 जणांचा मृत्यू झाला. यावरून हा विचार निरर्थक ठरत नाही. परंतु उद्याने ही भूवापराच्या निर्णयांना पर्याय होऊ शकत नाहीत, हे सिद्ध होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष विचारणीय आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मि.मी. पाऊस झाल्यानंतर मिठी नदीचे खोलीकरण व रुंदीकरण करण्यात आले, काठांवर भिंती उभारण्यात आल्या. पाणी सामावून घेण्यापेक्षा ते समुद्राकडे लोटण्यावरच भर राहिला. छुनलीकडून घ्यावयाचे ते तेथील पायवाटांचे अनुकरण नव्हे, तर पूरक्षेत्र व खारफुटी मोकळी ठेवण्याचा निर्धार होय. मात्र तो अमलात आणताना काठावरील श्रमिकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न टाळला, तर नदीकाठची हिरवाई निव्वळ सुशोभीकरण ठरेल.

समारोप :
भूदृश्यरचना शहराला हवामानबदलाशी जुळवून घेण्यास साहाय्य करू शकते. परंतु आराखडा तयार झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर नव्हे, तर आराखडा आखतानाच तिला स्थान मिळाले पाहिजे.