झाकली मूठ आणि उघडे अंगण

सहावीच्या वर्गात आम्ही दरवर्षी 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला देतो. वह्या तपासायला घेतल्या की प्रत्येक वहीत एकच घर सापडते. अब्बा कामावर जातात, अम्मी चांगला स्वयंपाक करते, दादी गोष्टी सांगते, आम्ही सर्वजण मिळूनमिसळून राहतो. ज्या मुलाचे अब्बा दोन वर्षांत घरी फिरकलेले नाहीत, त्याच्या वहीतही ते रोज संध्याकाळी फळे घेऊन येतात. मुले खोटारडी नसतात. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये, एवढे ती शाळेत येण्याआधीच शिकलेली असतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण मराठीत म्हणतो. मुस्लिम लेखकाला ही म्हण दोन्ही बाजूंनी ऐकावी लागते. घरचे म्हणतात, आधीच लोक आपल्याकडे बोट दाखवतात, त्यात तुम्ही आपली अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडता? बाहेरचा वाचक मूठ उघडण्याची वाट पाहत असतो आणि एका घरातला तलाक वाचून सगळ्या मोहल्ल्याचा निकाल लावून मोकळा होतो. मग मोडलेल्या घराची कादंबरी लिहावी की लिहू नये? आणि लिहायची तर कशी? या प्रश्नासाठी आम्ही उर्दूतल्या तीन कादंबरीकारांकडे पुन्हा गेलो.

पहिले डेप्युटी नजीर अहमद. त्यांची 'मिरातुल उरूस' १८६९ साली आली. मुलींना वाचायला योग्य पुस्तक मिळावे म्हणून त्यांनी ती लिहिली आणि सरकारने तिला हजार रुपयांचे इनाम दिले. अकबरी आणि असगरी या दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली लाडावलेली, भांडखोर. ती घर बुडवते. धाकटी शहाणी, ती लबाड मोलकरणीची चोरी उघडी पाडते, हिशेब ठेवते आणि घर वर आणते. म्हणजे घर बिघडले तर सुनेमुळे आणि सुधारले तरी सुनेमुळे! सासरचे पुरुष या जमाखर्चातून जवळजवळ सुटूनच जातात.

१८७० च्या दशकातल्या 'तौबतुन्नसूह'मध्ये त्यांनी बापाला उभे केले. कॉलऱ्यातून वाचलेला नसूह स्वप्नात आखिरतचा हिशेब पाहतो आणि उठल्यावर घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायर आहे, तो ऐकत नाही, घर सोडतो. बाप त्याची पुस्तके जाळतो. शेवटी कलीम जखमी होऊन परततो आणि मरतो. लेखकाच्या मते ही नाफर्मान मुलाची शिक्षा आहे. आम्ही शिक्षक आहोत. पुस्तके जळतात त्या पानावर आमचा हात थांबतो. नसूहची नियत साफ आहे, यात शंका नाही. पण इतकी वर्षे ज्या बापाने विचारपूसही केली नाही, तो एका सकाळी हुकूम घेऊन येतो, तेव्हा मुलाने काय करावे? हा प्रश्न कादंबरीत आहे. फक्त लेखकाला तो ऐकू आलेला नाही. नजीर अहमद मोठे लेखक यासाठीच, की त्यांना न पटणारा कलीम त्यांच्याच हातून जिवंत उतरला.

दुसऱ्या इस्मत चुगताई. त्या आपल्या मुंबईच्याच. १९९१ मध्ये इथेच वारल्या. त्यांनी अध्यापनाची पदवी घेतलेली होती आणि मुख्याध्यापिका म्हणून नोकरीही केली होती, हे आमच्या पेशातल्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९४० च्या दशकातल्या त्यांच्या 'टेढी लकीर'ची नायिका शमन हे आईबापाचे दहावे अपत्य. तिच्या जन्माचा आनंद कोणालाच नाही. तिला अन्ना नावाची दाई पाजते. ती हाकलली जाते. मग मंझू ही मोठी बहीण सांभाळते. तिचे लग्न होते. या घरात कोणी कोणाला मारून टाकत नाही. खायला-प्यायला आहे, माणसे भरपूर आहेत. फक्त शमनकडे पाहायला कोणाला सवड नाही, आणि तेवढ्याने तिची रेघ वाकडी होते. नजीर अहमद म्हणतात, वाईट संततीमुळे घर बिघडते. इस्मत गणित उलटे करतात. वर्गात शेवटच्या बाकावरून खडू फेकणाऱ्या मुलाकडे पाहण्याची आमची नजर बालमानसशास्त्राच्या पेपरापेक्षा या कादंबरीने अधिक बदलली.

तिसऱ्या खदीजा मस्तूर. त्यांची 'आँगन' १९६२ साली आली आणि पाकिस्तानात तिला आदमजी पुरस्कार मिळाला. फाळणीची कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. आमचे मत थोडे वेगळे आहे. फाळणी होण्याच्या कितीतरी आधी हे घर आतून वाटले गेले आहे. आलियाची बहीण तहमीना मनातल्या माणसाशी लग्न होणार नाही म्हणून जीव देते. वडील इंग्रज अधिकाऱ्यावर हात उगारून तुरुंगात जातात. आलिया आणि तिची आई बडे चचांच्या आश्रयाला येतात. बडे चचा काँग्रेसचे, त्यांचा मुलगा जमील मुस्लिम लीगचा, दोघेही प्रामाणिक. देशासाठी सर्वस्व द्यायला तयार असलेल्या बडे चचांना आपल्या चुलीत आज काय जळणार आहे, ते माहीत नसते. इथे खलनायक कोणीच नाही. प्रत्येकाजवळ एक मोठे तत्त्व आहे, आणि त्या तत्त्वांच्या भाराखाली घर खचत जाते.

या घरात असरार मियाँ नावाचे एक पात्र आहे. आजोबांचे अनौरस पुत्र. ते दुकान सांभाळतात, बाहेरच्या बैठकीत राहतात आणि सर्वांचा चहा झाल्यावर उरला असेल तर आपल्याला मिळावा, अशी आतल्या करीमन बुआला दबत्या आवाजात विनंती करतात. बाहेर स्वातंत्र्याचे नारे चालू आहेत, आत एका माणसाला चहाचा पेला मिळत नाही. काँग्रेसवाल्यांना तो दिसत नाही, लीगवाल्यांनाही दिसत नाही. आमच्या मते या एका पेल्याने कादंबरी मोठी होते. घर कुठे मोडले आहे ते पाहायचे असेल, तर भांडणाचा आवाज जिथून येतो तिथे पाहू नये. सर्वांत शेवटी कोणाला वाढले जाते ते पाहावे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आलियाची आई एकाच रंगात रंगवली आहे. तिच्या कडवटपणामागचे दुःख लेखिकेने क्वचितच उलगडले. पाकिस्तानात गेल्यानंतरचा भागही घाईत उरकल्यासारखा वाटतो. पण छम्मीचे काय करावे? आई मेलेली, बाप दूर हैदराबादेत नव्या संसारात. ती आरडाओरडा करते, घर डोक्यावर घेते. सासरच्यांबरोबर पाकिस्तानात जायला नकार देते आणि तलाक पत्करते. शहाणी, शिकलेली आलिया सीमेपलीकडे एकटी राहते, आणि भांडखोर छम्मी त्याच जुन्या घरात परत येऊन जमीलशी संसार मांडते. नव्वद वर्षांपूर्वीच्या अकबरीला अखेर असा न्याय मिळाला, असे आम्हाला वाटून गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोडके घर दाखवल्याने समाजाची बदनामी होते का? 'आँगन' वाचून मुसलमानांची घरे अशीच असतात, असे कोणाला म्हणता येत नाही; कारण त्या घरात 'मुसलमान' नावाचे कोणी राहतच नाही. तिथे बडे चचा राहतात, छम्मी राहते, असरार मियाँ राहतात. बदनामी होते ती नमुने मांडल्यामुळे. जुलमी नवरा, बिचारी बीबी, तीन शब्द आणि पडदा, एवढ्या सामानावर लिहिलेली कथा खरी असली तरी खोटी वाटते. आणि त्याला उत्तर म्हणून लिहिलेली आदर्श घराची कथा ही आमच्या सहावीच्या वहीतला निबंधच असते. आपल्या मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांकडून आम्हाला या दोन्हींपेक्षा वेगळे काही हवे आहे. मूठ उघडावी, पण कोणाला दाखवण्यासाठी नव्हे; आत काय आहे ते आपल्यालाच कळावे म्हणून.

यंदा आम्ही निबंधाचा विषय बदलला. 'आमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?' असा फळ्यावर लिहिला. मुले एकमेकांकडे पाहू लागली. बहुतेकांनी लिहिले, अम्मी. दोघातिघांनी दादी लिहिले. ज्याचे अब्बा रोज फळे आणत असत, त्या मुलाने या वेळी फळांचा उल्लेख केला नाही. त्याने एवढेच लिहिले होते, की अम्मी कामावरून येईपर्यंत तो जेवत नाही, म्हणून शेवटी ते दोघे जेवतात. त्या ओळीखाली लाल शाईने काय लिहावे, ते आम्हाला सुचले नाही.