‘प्रश्न उद्भवत नाही’: परराष्ट्र खात्याच्या संसदीय उत्तरांचे वाचन

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न आणि ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर पाठ असते. मग ‘असल्यास’, ‘नसल्यास’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. संसदेतला साचाही फारसा वेगळा नाही. एरवी थट्टेचा विषय असलेली ही भाषा मी नीट वाचू लागलो ती परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्तरांमुळे. गावचा रस्ता झाला की नाही, हे मंत्र्याच्या उत्तरावाचूनही जाऊन पाहता येते. परक्या देशातल्या तुरुंगात किंवा युद्धात अडकलेला माणूस असा पाहता येत नाही. त्याच्या घरच्यांच्या हाती बहुधा सरकारचे वाक्यच असते.

या उत्तरांवर खोटेपणाचा आरोप सहसा होतो. मला त्यांचा दोष वेगळा वाटतो. ‘आम्हांला माहीत आहे’, ‘आम्हांला माहीत नाही’ आणि ‘माहीत आहे, पण सांगता येत नाही’ या तीन अगदी भिन्न अवस्था ती एकाच स्वरात मांडतात.

याला कार्यपद्धतीही कारण आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. उपप्रश्न विचारायची मुभा फक्त तारांकित प्रश्नावर, आणि तासाभरात त्यांतले थोडेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखी. म्हणजे बहुतेक उत्तरांना उलट प्रश्न होतच नाही. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला आणि लेखी उत्तरे तेवढी उरली.

मार्च २०२५मध्ये राज्यसभेत दिलेले एक लेखी उत्तर पाहा. परदेशांतल्या तुरुंगांत, कच्चे कैदी धरून, १०,१५२ भारतीय आहेत. मृत्युदंड ठोठावला गेला आहे पण अंमलबजावणी झालेली नाही, असे ४९. त्यांपैकी संयुक्त अरब अमिरातीत २५, सौदी अरेबियात ११, मलेशियात ६, कुवेतमध्ये ३, आणि इंडोनेशिया, कतार, अमेरिका व येमेन इथे प्रत्येकी १. हे आकडे एकत्र मिळण्याची दुसरी जागा सामान्य नागरिकाला नाही, हे या उत्तराचे मोल. पण कैद्यांविषयीच्या उत्तरांत वर्षानुवर्षे एक वाक्य येते: अनेक देशांत खासगीपणाचे कायदे कडक असल्याने, कैद्याने संमती दिल्याखेरीज स्थानिक अधिकारी माहिती देत नाहीत. हे वाक्य गांभीर्याने घेतले, तर १०,१५२ ही कैद्यांची एकूण संख्या राहत नाही. वकिलातींना कळलेल्या कैद्यांची संख्या ठरते. आकडा मात्र एककापर्यंत नेमका असतो, आणि मथळ्यात जातो तो आकडा. ते वाक्य उत्तरातच राहते.

या मिसळीची किंमत मोसुलच्या प्रकरणात दिसली. जून २०१४मध्ये इराकमधल्या मोसुलहून ४० भारतीय मजुरांचे ‘आयसिस’ने अपहरण केले. एकजण निसटला. बाकीच्यांना आपल्या डोळ्यांसमोर गोळ्या घातल्या, असे तो सांगत राहिला. सरकारने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. मृत्यूचा पुरावा नाही, ते जिवंत असल्याचे अनेक स्रोत सांगतात, ही भूमिका तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत मांडली. जुलै २०१७मध्ये त्यांनी कुटुंबीयांना सांगितले की, हे लोक बदुशच्या तुरुंगात असावेत. तो तुरुंग उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या लगेच आल्या. त्याच महिन्यात लोकसभेत त्या म्हणाल्या की, ठोस पुराव्याशिवाय कुणाला मृत म्हणणे पाप आहे आणि ते मी करणार नाही.

या विधानातली नैतिक बाजू मी नाकारत नाही. बेपत्ता माणसाला कागदावर मारून टाकण्याची घाई करणारे सरकार अधिक वाईट. पण ‘मेल्याचा पुरावा नाही’ आणि ‘जिवंत असल्याचे कळते’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले अज्ञान कबूल करते, दुसरे आशा लावते. तीनचार वर्षे ही दोन्ही वाक्ये आलटूनपालटून येत राहिली, आणि ३९ घरे दुसऱ्या वाक्यावर जगली.

बदुशजवळच्या टेकडीत सामूहिक कबर सापडली. डीएनए जुळले. २० मार्च २०१८ रोजी राज्यसभेत ३९ जणांच्या मृत्यूची घोषणा झाली. त्यांतले २७ पंजाबचे होते. आम्हांला ही बातमी दूरचित्रवाणीवरून कळली, अशी कुटुंबीयांची तक्रार होती. खात्री पटताच आधी संसदेला सांगणे हे माझे कर्तव्य होते, असे स्वराज यांचे उत्तर. संसदीय शिष्टाचाराच्या दृष्टीने ते बिनचूक आहे. उत्तर सभागृहाला उद्देशून असते. ज्याच्यासाठी प्रश्न विचारला गेला, तो त्यात फक्त विषय असतो. २ एप्रिलला ३८ जणांचे अवशेष विमानाने अमृतसरला आले.

परराष्ट्र व्यवहारात गुप्तता लागते, वाटाघाटी उघड केल्या तर ओलिसांचा जीव जाऊ शकतो, हा बचाव रास्त आहे. माझी मागणी अधिक माहितीची नाहीच. ‘सांगता येत नाही’ असे म्हणणारे उत्तर मला प्रामाणिक वाटते. ‘माहीत नाही’ म्हणणारे तर त्याहून धैर्याचे.

मात्र यात जबाबदारी प्रश्नकर्त्याचीही आहे. ‘तपशील काय आहे?’ असे मोघम विचारले, की तक्ता मिळतो. ही माहिती कोणत्या तारखेची, ती स्थानिक सरकारने दिली की वकिलातीने स्वतः पडताळली, शेवटची प्रत्यक्ष भेट कधी झाली, घरच्यांना काय आणि केव्हा कळवले, असे सुटे सुटे उपभाग पाडून विचारले, तर तीन अवस्थांना एका वाक्यात दडता येणार नाही. अशा प्रश्नालाही टाळाटाळीचे उत्तर येईल कदाचित. पण नेमके काय टाळले, हे तरी त्या छापील कागदावर राहील, आणि घरच्यांना आपण कशाच्या आधारावर वाट पाहत आहोत, हे कळेल.