कविता, गळा आणि साथ

कोयनानगरास श्रावणांत पाऊस एकदां बसला म्हणजे बाहेर पडण्याची सोय राहात नाहीं. अशा एका आठवड्यांत आम्हीं फ्रेंच काव्यगीतांच्या ध्वनिमुद्रिका मन लावून ऐकल्या. एक गळा व एक पियानो, एवढाच यांचा संसार. फ्रेंच लोक या प्रकारास 'मेलोदी' म्हणतात. आपल्या भावगीताचें हें दूरचें भावंडच. परंतु साथीच्या बाबतींत दोहोंत जो भेद आहे, तो आम्हांस फार जाणवला.

गाब्रिएल फोरे यानें १८८७ सालीं पॉल व्हर्लेनच्या चांदण्यावरील कवितेस स्वर दिले. आरंभीं पियानो एकटाच जुन्या दरबारी नृत्याची गत वाजवूं लागतो. ती चांगली रंगांत येते, आणि मग उशिरां आलेल्या पाहुण्याप्रमाणें गळा मध्येंच हळूच बोलूं लागतो. पियानो त्याच्यासाठीं थांबत नाहीं. कवितेंतील मुखवटे घातलेल्या मंडळींचा स्वतःच्या सुखावर विश्वास नाहीं. नृत्य चालूं असतां गळ्याचें मन त्यांत पुरतें नाहीं, हें फोरेनें साथीकडूनच वदविलें आहे.

आपल्याकडे पेटी गळ्याची सावली. ख्यालांत तें शोभतें. पण तीच संवय भावगीतांतहि आली. जी. एन. जोशी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गाऊन कविता घरोघर पोंचविली, हें ऋण मोठें आहे. तथापि पुढील पुष्कळ भावगीतांत कडव्यांतला भाव पालटला तरी चाल व साथ पालटत नाहींत, ही आमची जुनी तक्रार आहे.

फ्रेंचांकडेहि सर्व आलबेल आहे असें नव्हे. आंरी द्युपार्क यानें १८७० सालीं बोदलेरच्या प्रवासाच्या निमंत्रणाची कविता घेतली व तिचें मधलें कडवेंच गाळलें. आपल्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून कडवीं कापलीं जात. द्युपार्कला कोणती तबकडी आडवी आली होती? त्या कडव्यांत खोली आहे, जुनें गुळगुळीत सामान आहे, फुलांचा वास आहे. तें गेलें आणि कवितेंतलें घर गेलें. उरलें पाणी व ऊन. पियानोनें तें पाणी असें कांहीं हालतें ठेविलें आहे कीं, आम्हीं त्याचा निम्मा अपराध माफ केला.

कवि यशवंत याच पाटण तालुक्यांतील चाफळचे, जन्म १८९९ चा. रविकिरण मंडळाचे कवि आपल्या कविता सभांतून स्वतः गात. तेथें शब्दाचा मान पहिला असे. पावसानें उघडीप दिली त्या संध्याकाळीं पेटी पुढें ओढून यशवंतांची 'आई' आम्हीं गाऊन पाहिली. गळा एकीकडे व बोटें दुसरीकडे, असा बेत होता. पहिलें कडवें कसेंबसें निभावलें. दुसऱ्यांत बोटें पुन्हां गळ्यामागें निघून गेलीं.