मापात घेतलेला प्रकाश

झाडं लावलेल्या मत्स्यालयासमोर उभं राहिलं की नजर आधी माशांमागे धावते. तिला थोडी स्थिरावू द्यावी. मग कळतं की या दोन फुटी काचेत सगळं प्रकाशाने ठरवलेलं आहे. कुठली वनस्पती सरळ वर जाईल, कुठली शेंड्याला तांबूस होईल, मासा कुठे निळा चमकेल आणि कुठे नुसती सावली उरेल, हे सगळं त्याच्या हाती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या घुग्घुसला उन्हाची वानवा कधीच नव्हती. इथे टाकी लावणाऱ्याचा कस लागतो तो प्रकाश मापात घेण्यात.

माझ्या समोरच्या खोलीतली टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच आहे. काठोकाठ भरली तर साधारण ६४ लिटर पाणी मावतं. खिडकीपासून ती मुद्दाम लांब ठेवली आहे, कारण थेट ऊन आलं की चार दिवसांत पाणी हिरवं होतं. तळाला इंचभर तलावाची गाळमाती, तिच्यावर वर्धा नदीची धुतलेली जाड वाळू. ही वाळू पुढे दोन बोटं आणि मागे चार बोटं अशी चढती आहे. एवढ्याशा चढाने फूटभर रुंदीला केवढी खोली येते! डावीकडे, एक तृतीयांश अंतरावर, पुरात वाहून आलेलं साल गळालेलं लाकूड. उजवीकडे काहीच नाही, नुसती उघडी वाळू. या मोकळ्या जागेवर सगळी रचना तोललेली आहे.

असा तोल साधायला जगाला शिकवलं ते जपानच्या निगाताचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी. त्यांच्याआधी डच पद्धतीचा दबदबा होता, त्यात वनस्पतींच्या रंगवार रांगा बागेतल्या वाफ्यांसारख्या लागत. अमानोंनी टाकीत डोंगरउतार, नदीकाठ, पडझड झालेलं रान आणलं. २०१५ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी उभी केली. आकार केवढाही असो, त्यांच्या रचनेत सावलीला हक्काची जागा असते. लहान टाकी लावणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यावं ते हेच.

माझा दिवा १४ वॅटचा एलईडी आहे, उजेड ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा पांढरा. लिटरमागे वीस-बावीस ल्युमेन पडतात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावता वाढणाऱ्या वनस्पतींना तेवढे पुरतात. दुपारी तीनला टायमर दिवा लावतो, रात्री नऊला मालवतो. सहा तास, बस. जास्त उजेड दिला तर तो वनस्पतींच्या कामी येत नाही, शेवाळाचं फावतं.

दिवा पाण्यापासून वीतभर उंच आणि मध्यापेक्षा पुढच्या काचेकडे सरकवलेला आहे. हा सरकाव फार मोलाचा. दिवा मागे गेला की पानांची अंधारी बाजू आपल्याकडे येते आणि झेब्रा डॅनिओ काळसर दिसतात. पुढून उजेड पडला की त्याच माशांचे निळे-सोनेरी पट्टे पेटतात, कारण त्या झळाळीत रंगद्रव्यापेक्षा त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो. एलईडीचे बिंदू लहान असल्याने पाणी जरा हललं की उघड्या वाळूवर उजेडाची जाळी पसरते. जुन्या ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ही जाळी उमटत नसे. आता गुडघ्यावर बसून खालून वर बघा. पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात वनस्पती उलट्या लटकलेल्या दिसतात.

रोटाला ही भाताच्या बांध्यांत तण म्हणून उगवणारी वनस्पती. टाकीत तिचा शेंडा तांबूस, मध्य पोपटी आणि तळ गडद हिरवा आहे. उजेड वरून खाली कसा उतरत गेला, ते एका काडीवर वाचता येतं. पण माझं मन अडकतं ते हायड्रिलात. नरसाळं आणि परीक्षानळी घेऊन शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग केला, तीच ही. दिवा लागून दोन-तीन तास झाले की पानांच्या कडांवर चंदेरी ठिपके धरू लागतात. पाणी ऑक्सिजनने भरून गेल्यावर वनस्पतीने सोडलेला वायू विरघळायला जागा उरत नाही, तो बुडबुडा होऊन दिसू लागतो. मोडलेल्या देठातून तर बुडबुड्यांची अखंड सरच निघते. जाणकाराने इथे एक भेद करावा. नुकतं पाणी बदललं असेल तर बुडबुडे काचेवर, लाकडावर, सगळीकडेच दिसतात. ते नळाच्या पाण्यातले. फक्त पानांवर धरले तर ती वनस्पतीची कमाई.

आमचं पाणी जड, चुनखडीच्या प्रदेशातलं. हायड्रिला आणि तिच्या जोडीला लावलेली व्हॅलिस्नेरिया त्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात, आणि तसं करताना जुन्या पानांवर चुन्याचा थर बसतो. पान चिमटीत धरलं की बोटांना खरखर लागते. ज्या चुनखडीवर गावाचा सिमेंट कारखाना चालतो, तिचाच हा कण. टाकीवरची झाकणाची काचही तशीच वाचावी. तिच्या वरच्या बाजूला कोळशाची काळी पूड बसते, खालच्या बाजूला उडालेलं पाणी सुकून पांढरे डाग पडतात. दोन्ही उजेड खातात. म्हणून दर रविवारी वरून ओलं फडकं आणि खालून लिंबाची फोड. तो हात फिरला की टाकी पुन्हा उजळते.

आणि हा दिवा तरी कशावर जळतो? चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र इथून जवळच, त्याच्या भट्टीत वर्धा खोऱ्यातला कोळसा. पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलीत ग्लोसोप्टेरिसच्या पानांनी जे ऊन धरलं, ते या कोळशात साठलं. त्यातलं थोडं रोज सहा तास हायड्रिलाच्या पानावर पडतं आणि पुन्हा पान होतं. हे कळल्यावर उजेड वाया घालवणं जिवावर येतं.

उन्हाळ्याचा पाठ वेगळा. टाकीतलं पाणी तीस अंशांपलीकडे गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. मी झाकण थोडं सरकवून पाण्यावर छोटा पंखा सोडतो. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. परदेशी नाजूक वनस्पती या दिवसांत गळतात, व्हॅलिस्नेरिया तग धरते. जमलं तर फुलतेही. तिचं मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं, नरफुलं तळाशी सुटून वर तरंगत त्याच्यापाशी पोचतात, आणि फलन झालं की देठ वेटोळं घालून फळाला खाली ओढून नेतो.

हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या दोन्ही पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांच्या रहिवासी. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर यांच्या संस्थेसोबत ढिवर समाजाच्या बायांनी तलावांतली बेशरमची झुडपं उपटून काढली आणि याच वनस्पती पुन्हा लावल्या, कारण देशी मासा त्यांच्या आधाराने अंडी घालतो, वाढतो. टाकीपुढे बसून उजेड वाचायची सवय लागली की तलावाच्या काठावरही डोळा वेगळं शोधतो: पाणी किती नितळ आहे, उजेड कुठवर पोचतो, तळाला पान हिरवं आहे का. माझ्या लेखी टाकीची सगळ्यात मोठी शिकवण ती, आणि शोभा त्यानंतर.