शिक्षणाची बातमी आणि बातमीचे शिक्षण

काव्य, नाटक, कादंबरी यांचे गुणदोष पारखणाऱ्या टीकाकारांची आपल्याकडे वाण नाही. परंतु घरोघर जे गद्य सर्वांत अधिक वाचले जाते, त्या वर्तमानपत्री गद्याकडे टीकाकाराची दृष्टी क्वचितच वळते. त्यातही शिक्षणविषयक बातमी म्हणजे कोणीही लिहावी आणि कोणीही विसरावी अशी वस्तू समजली जाते. वस्तुतः तिच्या आधाराने आईबाप मुलाची शाळा ठरवितात, शाखा ठरवितात आणि कित्येकदा त्याच्या बुद्धीविषयीचे आपले मतही ठरवितात. ज्या लेखनाचा परिणाम इतका दूरवर पोचतो, त्याची परीक्षा करणे अप्रस्तुत खास नव्हे.

महाराष्ट्रातील दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के, २०१९ साली ७७.१०, २०२० साली ९५.३० आणि २०२१ साली ९९.९५ टक्के लागला. हे चार आकडे ओळीने वाचणाऱ्या परक्या माणसास वाटेल की, येथील मुलांच्या बुद्धीस एका वर्षी ओहोटी लागली आणि पुढच्याच वर्षी भरती आली. खरी गोष्ट निराळी आहे. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषाविषयांतील तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकण्यात आले होते. २०२० साली ते गुण परत आले, आणि महामारीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ साली तर मंडळाची लेखी परीक्षाच न होता अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावण्यात आला. पालटली ती मोजपट्टी, मुले नव्हेत.

ही कारणे वर्तमानपत्रांत छापून येत नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. ती येतात, पण मथळ्यात टक्का असतो आणि कारण चौथ्या परिच्छेदात. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात घालविली आहेत. गुणाचा आकडा किती तडजोडींतून जन्मास येतो, हे त्यास ठाऊक आहे. मथळा वाचून पत्र मिटणाऱ्या बापास ते ठाऊक नसते, आणि सारा दोष मुलाच्या माथी बसतो. अर्धे सत्य येथे असत्याइतकेच घातक ठरते.

दुसरे उदाहरण ‘असर’ या पाहणीचे. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली सुरू केलेली ही पाहणी ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन आणि गणित अजमावते. २०२४ च्या पाहणीत, देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या ४४.८ टक्के मुलांस दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ साली हे प्रमाण ३८.५ टक्के होते. यावरून ‘निम्म्याहून अधिक मुलांस वाचता येत नाही’ आणि ‘वाचनात मोठी सुधारणा’ असे दोन मथळे होऊ शकतात, आणि दोन्ही खरे! ज्यास आकडा वाचण्याची सवय आहे, तो २०१८ चा आकडा शोधील. तो होता ४४.२. म्हणजे सुधारणा झाली ती बव्हंशी महामारीत गमावलेले परत मिळविण्यापुरती. हा तिसरा आकडा शोधण्याची बुद्धी होणे, हेच बातमीदाराचे शिक्षण होय. शिवाय या पाहणीचे वाचनपत्र अगदी साधे असते: अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. असे पत्र एखाद्या खेड्यातील मुलापुढे ठेवून, ते कोणत्या शब्दापाशी अडखळते हे स्वतः ऐकणाऱ्याच्या लेखणीस टक्केवारीचे वेड सहसा लागणार नाही.

मराठी पत्रकारितेस हा गुण अपरिचित नव्हता. चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. पाठोपाठ १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले, आणि ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर हे त्याच शाळेचे शिक्षक झाले. बोटांस खडू लागलेला असतानाच ही मंडळी लेखणी धरीत. आज ही दोन कामे निराळी झाली आहेत, आणि ते योग्यही आहे. शाळा चालविणाऱ्यानेच शाळेची बातमी लिहिली, तर पक्षपाताचा संशय यावयाचाच. परंतु हात वेगळे झाले म्हणून ज्ञानासही मुकावे, हे मात्र इष्ट नव्हे.

अमेरिकेत शिक्षणविषयक वार्ताहरांनी १९४७ सालीच आपली स्वतंत्र संस्था स्थापिली. ती परिसंवाद भरविते, प्रशिक्षण देते आणि उत्तम लेखनास पारितोषिके देते. आपल्याकडे साधने आहेत, ती हाताळण्याची शिकवण मात्र तोकडी आहे. ‘यूडायस’ या सरकारी संग्रहात शाळांची तपशीलवार माहिती मिळते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने कागद मागता येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. त्यांच्याशी बोलल्यास शाळेचे अंतरंग कळते.

यावर कोणी म्हणेल की, निकाल दुपारी लागतो आणि बातमी सायंकाळी द्यावी लागते. एवढ्या अवधीत बातमीदाराने शिकावे केव्हा? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातूनच असे निघते की, हे शिक्षण निकालाच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी व्हावयास हवे. वर्षातून आठ दिवस संपादकाने आपल्या वार्ताहरास वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसू द्यावे, आणि चार दिवस एखाद्या संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे पाठवावे. याहून मोठे विद्यापीठ त्यास नको.

वाचकांचेही एक कर्तव्य आहे. आकडा दिसताच ‘कोणास मोजले, कशाने मोजले, आणि गेल्या खेपेस असेच मोजले होते काय?’ एवढे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत, आणि मुलास बोल लावावयाचा तो त्यानंतर. पुष्कळदा तो लावण्याचे कारणच उरणार नाही.