सुंदरलाल अहवालातील शिपाई

हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री ह्यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ह्या काळात संस्थानात फिरून केलेला अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. आज तो उपलब्ध आहे. परंतु त्याची चर्चा बहुधा एका आकड्याभोवतीच घोटाळते. मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी, हा समितीचा अंदाज. ह्या वादात अहवालातील सामान्य शिपाई दृष्टीआड होतो.

उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे समिती म्हणते. बेंबळी ह्यांतील पहिल्या जिल्ह्यातले. त्या टापूला १३ सप्टेंबर रोजी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आलेले सैन्य मुक्तिदाते म्हणून आठवते, आणि ती आठवण खोटी नव्हे. रझाकारांनी खेड्यापाड्यांची केलेली दशा विसरण्याजोगी नाही. पण त्याच सैन्यातील काहींनी जमावाला लुटीस चिथावले, क्वचित भागही पाडले, आणि कित्येक ठिकाणी प्रौढ मुसलमान पुरुषांना बाहेर काढून ठार केले, असे अहवाल नमूद करतो. अन्यत्र सैन्याने मुसलमानांचे रक्षण केले, हेही तो सांगतो.

सूडाचे स्पष्टीकरण पोळलेल्या रयतेपुरते पटते. बाहेरून आलेल्या शिपायाचे घर जळालेले नव्हते. त्याला ते कसे लागू पडावे? उत्तर अहवालातच आहे, पण विखुरलेले. शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सर्वांना सारखाच होता. प्रत्यक्षात मुसलमानांची शस्त्रे काढून घेतली गेली, तीही पुष्कळदा हिंदू गावकऱ्यांच्या मदतीने. हिंदूंची बव्हंशी राहिली. हे करताना शिपायाने कोणास मारले नव्हते. मात्र शत्रू कोण हे गावकरी दाखवू लागला आणि शिपाई ते मानू लागला, तेव्हाच तो एका पक्षाचा झाला. माझ्या मते अहवालातील सर्वांत बोलका तपशील हाच होय.

ख्रिस्तोफर ब्राउनिंगने १९९२ च्या ग्रंथात जर्मन राखीव पोलिसांच्या एका तुकडीचा अभ्यास केला. जुलै १९४२ मध्ये युझेफूफ येथे सेनानीने माघार घेण्याची मुभा दिली असताही सुमारे पाचशेंतून प्रारंभी डझनभरच पुढे आले. साम्य मर्यादित आहे. तेथे वध हेच राज्याचे धोरण होते, येथे सरकारनेच समिती धाडली.

लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे समिती लिहिते. निजामाने युद्धबंदी १७ सप्टेंबरलाच पुकारली होती. तेव्हा रणधुमाळीची सबब फारशी टिकत नाही. ह्या दिवसांत छावणीत काय बोलले जात होते, कोणी नकार दिला काय, ह्याकडे अहवाल वळत नाही. शिपाई त्यात कृती करताना दिसतो. त्याचे बोलणे ऐकू येत नाही.